तालमीला जा, आणि मोठीच भूमिका घ्या

नमस्कार. मी सांगलीची. वय 59. कॉलेजात आणि नंतर नोकरी लागल्यावरही काही वर्षं मी हौशी रंगभूमीवर कामं केली. राज्य नाट्य स्पर्धेत अभिनयाचं प्रमाणपत्रही मिळालं होतं. मग लग्न, बँकेतल्या बदल्या, दोन मुलं, सासूबाईंचं अंथरुणाला खिळवणारं आजारपण. नाटक सुटलं ते सुटलंच. आता निवृत्त झाले आहे. आमच्या जुन्या संस्थेतली तरुण मुलं स्पर्धेसाठी दोन अंकी नाटक बसवताहेत. दिग्दर्शक मुलगा घरी येऊन गेला. वाडा विकायला नकार देणाऱ्या पंचाहत्तरीच्या बाईचं मध्यवर्ती काम त्याने मला देऊ केलं. जाताना म्हणाला, ‘झेपणार नसेल तर शेजारणीचं छोटं काम करा.’ मला छोटंच बरं वाटतं. पाठांतराची धास्ती वाटते. यजमान म्हणतात, ‘या वयात तोंडाला रंग कशाला?’ मुलीने मला ग्लेंडा जॅक्सन या इंग्लिश अभिनेत्रीबद्दल काहीबाही पाठवलं. 23 वर्षं खासदारकी करून ती 80व्या वर्षी रंगमंचावर परतली म्हणे. वाचून आनंद झाला आणि रडूही आलं. ती दोन ऑस्कर मिळवलेली नटी. तिचं उदाहरण माझ्यासारखीने घ्यावं का? आणि माझी ती तीस वर्षं वायाच गेली ना?

— एक वाचक

ताई,

तुमच्या मुलीने बाई अगदी योग्य निवडली. पण गोष्ट तुमच्यापर्यंत पोचली ती शेवटाकडून. ‘खासदारकी केली, 80व्या वर्षी परतली, टाळ्या मिळाल्या’ एवढंच ऐकलं की तो चमत्कार वाटतो, आणि चमत्काराचा आपल्याला उपयोग नसतो. म्हणून आधी ती तिथवर कशी पोचली ते सांगते. त्यात तुमच्या कामाचं पुष्कळ आहे.

ग्लेंडाचा जन्म 1936चा, लिव्हरपूलच्या समोर नदीपलीकडे असलेल्या बर्कनहेडचा. वडील गवंडी. आई दुकानात, लोकांच्या घरी साफसफाईची, अशी कामं करायची. चार बहिणींत ग्लेंडा थोरली. 16व्या वर्षी शाळा सुटली आणि ती बूट्स या औषधांच्या दुकानात कामाला लागली. दोन वर्षं तिथे काढली. त्या काळात ती संध्याकाळी नाटक करायची ते हौशी मंडळींबरोबर, दिवसभराची नोकरी आटपून. म्हणजे तुमची सुरुवात जिथून झाली, तिचीही तिथूनच. पुढे शिष्यवृत्ती मिळाली आणि लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रमॅटिक आर्टमध्ये ती शिकायला गेली. तिथे तिला सांगितलं गेलं की तुझा चेहरा नायिकेचा नाही, चाळिशीपर्यंत फारशा कामाची आशा धरू नकोस.

नंतरची वर्षं गाजलेली नाहीत. ती गावोगावच्या रेपर्टरी कंपन्यांत गेली. या कंपन्यांचं काम कसं चालायचं ते तुम्हाला लगेच समजेल: संध्याकाळी या आठवड्याच्या नाटकाचा प्रयोग, सकाळी पुढच्या नाटकाची तालीम, आणि रात्री खोलीवर जाऊन त्याच्या पुढच्याचं पाठांतर. छोटंमोठं, जे पदरात पडेल ते. मध्ये महिनोन् महिने काम नसायचं, तेव्हा पोटासाठी मिळेल ती नोकरी. 1964मध्ये दिग्दर्शक पीटर ब्रुकने तिला रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या एका प्रायोगिक गटात घेतलं आणि ‘मारा/साद’ या नाटकातली शार्लोत कॉर्देची भूमिका दिली. तेव्हा ती 28 वर्षांची होती आणि लोकांना ती कुठूनशी अचानक उगवल्यासारखी वाटली.

पुढचं तुम्ही वाचलंच असेल. केन रसेलचा ‘विमेन इन लव्ह’ हा चित्रपट आणि पहिलं ऑस्कर, मग ‘अ टच ऑफ क्लास’ आणि दुसरं. दोन्ही वेळा ती समारंभाला गेली नाही. ऑस्करच्या बाहुल्या आईकडे ठेवल्या आणि आईने त्या इतक्या घासून पुसून लख्ख ठेवल्या की वरचा सोनेरी मुलामा निघून गेला. मला ही गोष्ट फार आवडते. त्या घरात वस्तू वापरायच्या आणि स्वच्छ ठेवायच्या असत, पूजायच्या नसत.

ऑस्करपेक्षा मी तिचं 1971चं काम मोठं मानते: इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीवरची बीबीसीची सहा भागांची मालिका, ‘एलिझाबेथ आर’. पस्तिशीही न गाठलेल्या बाईने पोरसवदा राजकन्येपासून म्हाताऱ्या, हटवादी, मरायलाही तयार नसलेल्या राणीपर्यंतचं सगळं आयुष्य केलं. त्या राणीसारखं कपाळ दिसावं म्हणून पुढचे केस तिने खरोखर भादरून घेतले. त्या मालिकेत वय वाढतं ते रंगभूषेमुळे थोडं आणि तिच्या आवाजामुळे जास्त. वाक्यं तुटक होत जातात, श्वास आखूड होतो, नजर मात्र जास्त वेळ एका जागी थांबते. तुम्हाला पंचाहत्तरीची बाई करायची आहे म्हणून हे मुद्दाम सांगते. म्हातारपण पाठीच्या पोकात शोधू नका.

आता 1992. ती 55 वर्षांची होती, मागची काही वर्षं युजीन ओनील, ब्रेख्त, लॉर्का अशा नाटककारांची दणदणीत नाटकं करत होती, आणि तिने अभिनय बंद केला. मजूर पक्षातर्फे लंडनच्या हॅम्पस्टेड अँड हायगेटमधून ती निवडून आली. थॅचरबाईंच्या राजवटीने देशाचं जे केलं त्याचा तिला मनापासून संताप होता, आणि नाटककार बायकांसाठी धड भूमिका लिहीत नाहीत हेही ती कित्येक वर्षं सांगत होती. 1997 ते 1999 ती वाहतूक खात्यात कनिष्ठ मंत्री होती. इराक युद्धावरून स्वतःच्याच पक्षाच्या पंतप्रधानाला तिने उघड विरोध केला. 2010ची निवडणूक ती फक्त 42 मतांनी जिंकली. 2015मध्ये ती स्वतःहून थांबली. या सगळ्या काळात तिने एकही भूमिका केली नाही.

इथे तुमची आणि तिची वाट वेगळी आहे, आणि ते झाकून तुम्हाला धीर देणं मला बरोबर वाटत नाही. तिने नाटक सोडलं, तुमचं सुटलं. तिला दुसरं मोठं काम हवं होतं म्हणून ती गेली. तुम्हाला कुणी विचारलंच नाही. बदली आली की तुम्ही सामान बांधलंत, सासूबाई पडल्या तेव्हा रजा तुम्हीच काढलीत. तुम्ही पत्रात कुणालाही दोष दिलेला नाही, पण ‘सुटलं ते सुटलंच’ यात मला तो ऐकू आला. त्या वर्षांतला काही भाग तुमच्याकडून घेतला गेला. त्याचं वाईट वाटू द्या. मुलीने पाठवलेलं वाचून रडू आलं त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

मग ती वर्षं वाया गेली का? तिच्याकडे पाहू. खासदार म्हणून ग्लेंडा मतदारसंघातल्या वृद्धाश्रमांत जायची. तिथे तिने एक गोष्ट पाहिली आणि पुढे अनेक मुलाखतींत सांगितली: माणूस खूप म्हातारा झाला की बाई आणि पुरुष यांच्यामधली रेघ पुसट होत जाते. जन्मभर पाळलेल्या बाईपणाच्या, पुरुषपणाच्या सवयी गळून पडतात आणि उरतो तो एक म्हातारा जीव. 80व्या वर्षी तिने शेक्सपिअरचा किंग लियर केला, म्हणजे पुरुष राजाच केला, तेव्हा तिने पाय रोवले ते या निरीक्षणावर. तालमीच्या खोलीत हे तिला मिळालं नसतं.

तरी म्हणून मी तुम्हाला असं सांगणार नाही की सासूबाईंचं आजारपण ही तुमची तालीम होती. तसं म्हणणं त्यांच्यावरही अन्याय आणि तुमच्यावरही. वृद्धाश्रमातली ती माणसं काही ग्लेंडाच्या भूमिकेसाठी म्हातारी झाली नव्हती. एवढं मात्र खरं की तुम्ही ते सगळं जवळून पाहिलं आहे. अंथरुणाला खिळलेली बाई उशीखालची किल्ली चाचपते ती कशी, उत्तर माहीत असून मुद्दाम उशिरा देते ती का, सुनेवर रागावलेली असताना नातवाशी कोणत्या आवाजात बोलते, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिग्दर्शक मुलाला ते ठाऊक नाही. त्याच्या नाटकातल्या बाईला वाडा विकायचा नाही हे संहितेत लिहिलेलं आहे. का विकायचा नाही, ते तिच्या पोटात कुठे दुखतं, हे त्याला तुमच्याकडून लागणार आहे. म्हणूनच तो घरी आला.

आता मोठं काम की छोटं. इथे मी ठाम आहे.

ग्लेंडाने परत यायची पहिली पायरी सोपी निवडली, पण ती भूमिका छोटी नव्हती. 2015मध्ये तिने बीबीसी रेडिओवर एमिल झोला या फ्रेंच लेखकाच्या कादंबऱ्यांवरची मालिका केली. त्यात ती होती 104 वर्षांची कुळाची आजी, सगळी कथा जिच्या डोळ्यांनी दिसते ती. रेडिओवर संहिता हातात असते, पाठांतराचं ओझं नसतं, पण आवाजाला कुठे लपायला जागाही नसते. याच सुमारास तिची जुनी स्नेही नुरिया एस्पर्ट बार्सिलोनात लियर करत होती. या नुरियाने 1986मध्ये ग्लेंडाला लॉर्काच्या नाटकात दिग्दर्शित केलं होतं. ग्लेंडा तो प्रयोग बघून आली, आणि 2016च्या शरदात लंडनच्या ओल्ड विक थिएटरमध्ये डेबोरा वॉर्नरच्या दिग्दर्शनाखाली स्वतः लियर म्हणून उभी राहिली. शेक्सपिअरच्या सगळ्यांत अवघड, सगळ्यांत दमवणाऱ्या भूमिकांपैकी ही एक. आपल्याकडे ‘नटसम्राट’मध्ये लियरची सावली आहे, त्यामुळे तो भार किती हे मराठी नटाला निराळं सांगावं लागत नाही. लोकांना आधी काय जाणवलं? आवाज. तेवढ्या काळाने थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचणारा.

तुम्हाला शेजारणीचं काम बरं वाटतं, कारण त्यात चुकायला कमी वाक्यं आहेत असं तुम्ही धरून चालला आहात. माझा अनुभव उलटा आहे. परतणाऱ्या नटाला छोटं काम जास्त छळतं. विंगेत पाऊण तास भीती घेऊन उभं राहायचं, मग चार वाक्यांसाठी आत जायचं, आणि अंगात प्रकाश, प्रेक्षक, सहनट यांची ऊब यायच्या आत बाहेर पडायचं. एक वाक्य घसरलं तर सावरायला दुसरी जागा मिळत नाही. मध्यवर्ती भूमिकेत पहिली दहा मिनिटं थरथर होते हे खरं. पण त्यानंतर तुम्ही त्या बाईच्या घरात असता, तिचं काम चालू असतं, आणि भीतीला लक्ष द्यायला कुणी रिकामं नसतं.

आणखी एक कारण आहे, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पंचाहत्तरीची बाई जिथे नाटकाच्या मधोमध उभी आहे, अशी संहिता कितीदा हाताला लागते? 23 वर्षांनी परत आल्यावर ग्लेंडाची तक्रार हीच होती की मधल्या काळात नाटककारांना बायका काही जास्त महत्त्वाच्या वाटायला लागलेल्या नाहीत. तिला राजाचा मुकुट घालावा लागला त्याचं एक कारण हेही. तुमच्या गावात कुणीतरी ही बाई लिहिली आहे. तुम्ही नाही म्हटलंत तर एखादी तिशीतली मुलगी केसांना पांढरं लावून ती करेल. चांगली करेलही. पण तुम्ही ते विंगेतून, शेजारणीच्या पातळात उभ्या राहून, प्रत्येक प्रयोगाला बघणार आहात. तेव्हा काय वाटेल ते आत्ताच मनाला विचारा.

‘झेपणार नसेल तर’ हे त्या मुलाचे शब्द तुम्ही मनाला लावून घेतले आहेत असं दिसतं. त्याने ते अदबीने म्हटलं असावं. वडीलधाऱ्या बाईला नकाराची वाट मोकळी ठेवावी, एवढंच. त्याला तुमची परीक्षा समजू नका.

पाठांतराबद्दल. भीती खरी आहे आणि तिच्यावर उपाय मेहनतीचा आहे. संहिता स्वतःच्या हाताने वहीत उतरवून काढा, पूर्ण, समोरच्याच्या वाक्यांसकट. बसून पाठ करू नका. उभ्याने, हालचालीसह, मोठ्याने करा. वाक्य पायांच्या चालीशी जोडलं गेलं की ते लवकर निसटत नाही. आपलं वाक्य पक्कं असूनही माणूस अडखळतो तो बहुतेकदा क्यू पक्का नसतो म्हणून, तेव्हा समोरच्याचे शेवटचे चार शब्द आपल्या वाक्याइतकीच घोटा. मुलीला सांगा, बाकीच्यांची वाक्यं मोबाइलवर रेकॉर्ड करून दे आणि मध्ये तुमच्या वाक्यांएवढी जागा मोकळी ठेव. स्वयंपाक करताना ते लावून बोलत राहा. आणि प्रत्येक लांब भाषणापाशी स्वतःला विचारा की ही बाई हे आत्ताच का बोलते आहे, मघाशी का बोलली नाही. याचं उत्तर मिळालं की पुढची ओळ आपोआप मागची धरून येते. तिशीत तुम्ही दोन वाचनांत पाठ करत असाल, आता पंधरा लागतील. पंधरा करा. दिग्दर्शकाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा की मला संहिता इतरांच्या महिनाभर आधी हवी, त्यानंतर मोठे बदल नकोत, आणि विंगेत प्रॉम्प्टिंगला असा माणूस हवा जो सगळ्या तालमींना हजर असेल. हे नखरे नाहीत. मध्यवर्ती काम करणारा कुठलाही जाणता नट हे मागतो.

आवाजासाठी आजपासून रोज सकाळी अर्धा तास मोठ्याने वाचा, काहीही. दोन अंक उभं राहायचं आहे, तेव्हा गुडघे आणि रक्तदाब डॉक्टरांना दाखवून घ्या. चश्म्याशिवाय रंगमंचाची कड दिसते का तेही नेपथ्य लागण्याआधीच बघा.

यजमानांचं. त्यांच्यापुढे ग्लेंडाचं उदाहरण ठेवू नका. परदेशातली बाई दाखवून कुणाचं मन वळत नाही, उलट ते म्हणतील, तू कुठे आणि ती कुठे. ‘या वयात कशाला’ म्हणणाऱ्या माणसाच्या मनात बहुतेक दोनच गोष्टी असतात: लोक हसतील, आणि संध्याकाळी घरात मी एकटा पडेन. पहिलीवर तुम्ही प्रयोगातूनच उत्तर द्याल. दुसरीवर आजच बोला. तालीम किती ते किती, जेवणाचं काय, परत कोण सोडणार, हे ठरवून त्यांना सांगा. सांगा म्हटलं, विचारा म्हटलेलं नाही. तुम्ही नोकरी केलीत, घर केलंत, 59व्या वर्षी संध्याकाळच्या दोन तासांची परवानगी मागायची वेळ तुमच्यावर नाही. मग त्यांना वही द्या आणि समोरच्यांची वाक्यं वाचायला बसवा. कित्येक घरांत हे काम आवडीने होतं. बसले नाहीत तरी तुम्ही तालमीला जा.

आणि तिचं उदाहरण घ्यावं का, हा तुमचा मूळ प्रश्न. ऑस्कर बाजूला ठेवा. 2018मध्ये 82व्या वर्षी ब्रॉडवेवर नव्वदी ओलांडलेल्या बाईचं काम करून तिने टोनी हा अमेरिकन रंगभूमीवरचा मोठा पुरस्कार घेतला, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये लियर पुन्हा केला, शेवटी मायकेल केनबरोबर ‘द ग्रेट एस्केपर’ हा चित्रपट केला आणि 2023च्या जूनमध्ये, तो पडद्यावर यायच्या आधी, 87व्या वर्षी ती गेली. यातलं काही तुमच्या वाट्याला येईल असं मी म्हणत नाही. पण तारखा जरा जुळवून बघा. 59 वर्षांची ग्लेंडा 1995मध्ये विरोधी बाकांवर बसलेली एक खासदार होती. तिचा लियर अजून 21 वर्षं लांब होता. तरुणपणी रेपर्टरीत घोटून घोटून अंगात मुरलेलं तेवढ्या काळात पुसलं गेलं नाही. तुमचं तेवढं घोटलेलं नाही, हे तुम्हीही जाणता, म्हणून तुम्हाला तालीम तिच्यापेक्षा जास्त लागेल. स्पर्धेत बक्षीस मिळेल की नाही ते परीक्षकांवर सोडा.

तिचं काय पाहावं असं मुलीला विचारणार असाल तर ‘एलिझाबेथ आर’ शोधायला सांगा, निदान पहिला आणि शेवटचा भाग. 2019चं ‘एलिझाबेथ इज मिसिंग’ मात्र प्रयोग होईपर्यंत अजिबात पाहू नका. त्यात तिने स्मृती हरवत चाललेल्या बाईचं काम केलं आहे, आणि ते इतकं नेमकं आहे की नकळत तुमच्या हातापायांत उतरेल. तुमची बाई काही विसरलेली नाही. तिला वाड्यातलं सगळं आठवतं आणि त्यावरच ती अडून बसली आहे. त्या मुलाला या आठवड्यात फोन करा, मोठ्या कामाला हो म्हणा, आणि संहितेची प्रत जरा मोठ्या अक्षरात छापून आणायला सांगा.